मानपान मोड

सोनीचा २०२२ साली आलेला ए-सेव्हन-आर फाइव्ह हा कॅमेरा किडा ओळखतो. मेनूत जाऊन ‘कीटक’ निवडलं की पानावर बसलेला भुंगा तो स्वतःच हुडकतो आणि फोकस नेऊन त्याच्यावर ठेवतो. माणूस, प्राणी, पक्षी, मोटार, आगगाडी, विमान हेही त्याला कळतं. आगगाडी आणि विमान ओळखणारा कॅमेरा तर ऑलिम्पसने २०१९ सालीच आणला होता. धावणारी आगगाडी फोटोग्राफरच्या नजरेतून सुटते, ही अडचण नेमकी कुणी जाऊन कळवली असेल, याचं मला अजून कुतूहल आहे.

आमच्यासारख्या लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या माणसाला प्रश्न पडतो तो हा, की या कंपन्या विचारतात कुणाला? जपानात कुठल्यातरी टेबलाभोवती इंजिनिअर बसत असणार. पक्षी काढणारे, फुटबॉल काढणारे, मोटारींच्या शर्यती काढणारे त्यांच्यासमोर गाऱ्हाणी मांडत असणार. वैशाखात भर दुपारी साडेबाराला, पत्र्याच्या मंगल कार्यालयात, दोन बॉड्या गळ्यात, एक फ्लॅश काखेत आणि बॅटऱ्या पँटच्या चारही खिशांत घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर उभ्या असलेल्या माणसाला कुणी टेबलाशी बोलावलेलं नाही. आमच्या भागातल्या कुठल्याही कॅमेऱ्याच्या दुकानदाराला विचारा, महागडी बॉडी हप्त्यानं नेणाऱ्यांत खंड्या पक्षी काढणारे किती आणि खंडेरायाच्या जागरणाच्या ऑर्डरी घेणारे किती. तो तुम्हाला चहा पाजून उत्तर देईल.

एकदा मात्र त्यांनी आमचं ऐकलं, हे कबूल करायला हवं. २०१८ साली निकॉनचा झेड-सेव्हन आणि कॅननचा ईओएस आर असे दोन कॅमेरे आले आणि दोन्हींत कार्डाचा खाचा एकेकच. जगभरच्या लग्नवाल्यांनी आरडाओरडा केला. डोंगराचा फोटो गेला तर डोंगर उद्याही तिथंच असतो. कन्यादान गेलं तर मुलीच्या बापाला ‘पुन्हा एकदा घेऊ या का’ असं विचारता येत नाही. दोन वर्षांत पुढच्या मॉडेलांमध्ये दोन खाचे आले. म्हणजे ओरडलं तर ऐकू जातं. म्हणून हे थोडं ओरडून घेतो.

पहिली गोष्ट, पक्षी सोपा असतो. पक्ष्याला मुंडावळ्या नसतात.

आजकालचा कॅमेरा माणसाचा डोळा शोधतो, त्यातलाही जवळचा डोळा शोधतो, आणि एकदा धरला की सोडत नाही. हे खरं आहे, पण ज्यांनी ही करामत केली त्यांच्या देशात नवरीच्या कपाळाला मोत्यांच्या सरी बांधत नाहीत. आमची नवरी मान हलवते. भटजी काहीतरी सांगतात, ती ‘हं’ म्हणते, सर हलते. करवली कानात काहीतरी सांगते, ती हसते, सर हलते. कॅमेऱ्यानं मोठ्या कष्टानं डोळा धरलेला असतो. मोती मध्ये येतो आणि फोकस मोत्यावर जातो. मोती इतका सुरेख येतो, की त्याच्यावर छापलेली मंडपातली झुंबरं मोजता येतात. मागं नवरी धूसर. सराफाला तो फोटो फार आवडेल.

तरी हे शांततेच्या वेळचं झालं. खरी परीक्षा अंतरपाटाची. शेवटचं मंगलाष्टक संपत आलेलं असतं. नवरानवरी हातात हार घेऊन पाटावर उभी, मध्ये अंतरपाट, तो धरणारे दोघं घामाघूम. मी भटजींच्या उजव्या खांद्याशी गुडघ्यावर, आणि माझ्या पाठीला व्हिडिओवाल्याचा गुडघा. भटजी शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट असा काही ओढतात, की जादूगारानंही दोन दिवस शिकवणीला यावं. त्याच क्षणी मागून चारशे माणसं अक्षता टाकतात. ‘टाकतात’ हे लग्नपत्रिकेतलं क्रियापद झालं. प्रत्यक्षात मागच्या रांगेतले फेकतात आणि पोरं नेम धरून मारतात. कॅमेऱ्याच्या आणि नवरीच्या मध्ये आता दीडदोन हजार तांदूळ हवेत आहेत, प्रत्येक दाणा लेन्सला नवरीपेक्षा जवळ, प्रत्येक दाणा स्वच्छ कुंकवानं रंगवलेला. बँड सुरू होतो. आणि मग नवरदेवाचे मित्र त्याला खांद्यावर उचलतात, म्हणजे नवरीचा हार त्याच्या गळ्यापर्यंत पोहोचू नये. ते बघून तिचे मामा तिला उचलतात. मी ज्या उंचीवर फोकस लावून बसलो होतो तिथं आता चार जणांचे पट्टे आणि एक मोबाइल कव्हर आहे.

उडता पक्षी ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला उडता नवरदेव का ओळखता येऊ नये? माझी मागणी फार नाही. जिथं मेनूत ‘पक्षी’ आणि ‘कीटक’ आहे, त्याच यादीत खाली ‘अक्षता’ असं एक घाला आणि त्याच्यापुढं ‘दुर्लक्ष करा’ एवढंच लिहा.

या क्षणासाठी एक सोय खरं तर झालेली आहे आणि ती मला मनापासून आवडते. बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा गुपचूप फोटो साठवू लागतो आणि पूर्ण दाबल्यावर, दाबण्याच्या आधीचे फोटोही देतो. ऑलिम्पसने २०१६ साली हे आणलं. २०२३ मध्ये जाहीर झालेला सोनीचा ए-नाइन थ्री तर सेकंदाला १२० फोटो घेतो आणि बटण दाबण्याच्या एक सेकंद आधीपर्यंत मागं जातो. अंतरपाट हा बटण दाबण्याच्या आधीच निघालेला असतो, तेव्हा एक सेकंद मागं जाणं म्हणजे पुण्यच. पण एक सेकंद पुरतो कुणाला? पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा. वरात मारुतीच्या देवळापाशी नाचत बसली म्हणून अक्षता पडल्या सव्वाला. परवा एक वरपिता मला बाजूला घेऊन म्हणाले, “फोटोवर टाइम येतो का वो?” म्हटलं, येतो, फाइलमध्ये नोंद असते. “मग त्यो जरा मागं घ्या की. पाहुण्यांच्यात लई मुहूर्ताचं बघत्यात.” सांगायचा मुद्दा, मागं जाण्याची सोय एक सेकंदाऐवजी चाळीस मिनिटांची करा. आमच्या जिल्ह्यात एकही लग्न मुहूर्त चुकून लागणार नाही.

आता मानपानाकडं येतो, कारण या विषयावर कॅननने नकळत मोठं काम करून ठेवलं आहे. त्यांच्या २०२४ च्या ईओएस आर-वनमध्ये ठरावीक माणसांचे चेहरे आधीच नोंदवून ठेवता येतात. गर्दीत त्यातला चेहरा दिसला की कॅमेरा बाकीच्यांना सोडून त्याच्यावर फोकस लावतो. एवढंच नाही, नोंदवलेल्यांत कोण पहिला, कोण दुसरा असा क्रमही लावता येतो. खेळाडूंसाठी केलंय म्हणे. मी ते वाचून खुर्चीत सरळ बसलो. अहो, ही तर मानपानाची यादी! आहेराच्या साड्या, टोप्या, टॉवेल आणि नारळ ज्या यादीवरून वाटले जातात तीच यादी कॅमेऱ्यात घालायची सोय टोकियोत बसून एका माणसानं केली आणि त्याला पत्ताही नाही की त्यानं काय केलं.

पण क्रम लावणार कोण? तो काही मी लावत नाही. मला याच गावात राहायचं आहे. नवरीचे वडील म्हणणार, पहिले आमचे थोरले बंधू. त्यांची बायको म्हणणार, पहिले माझे भाऊ, मुलीचे मामा, त्यांच्याशिवाय मुलगी बोहल्यावर येते का? वरपक्षाची यादी वेगळी येणार, तिच्यात पहिल्या क्रमांकावर वरमाई, आणि दुसऱ्यावर पंचायत समितीचे माजी सभापती. हे सभापती जेवायच्या वेळेला येतात, चार मिनिटं थांबतात, नवरानवरीकडं न बघता माझ्याकडं बघत आशीर्वाद देतात आणि जातात. अल्बममध्ये दोन पानं घेतात. शिवाय कुणी रुसलेलं असतं. प्रत्येक लग्नात एक तरी आत्या रुसलेली असते, खांबाच्या मागं खुर्ची टाकून बसलेली असते, आणि तिचा फोटो निघाला नाही तर ते रुसणं अधिकृत होतं. निघाला तर ‘मुद्दाम तोंड पाडलेला काढला’ म्हणून आणखी घट्ट. माझी मागणी अशी: चेहरे नोंदवायची सोय राहू दे, पण कॅमेऱ्यानं रुसलेला चेहरा शोधून मला कानात हळूच सांगावं. पक्ष्याचा डोळा शोधण्यापेक्षा ते अवघड नसावं. आत्याचे डोळे मोठे असतात आणि ती उडत नाही.

हसरा चेहरा ओळखण्याची सोय फार जुनी आहे. सोनीने २००७ सालीच हसू दिसलं की आपोआप बटण दाबणारा छोटा कॅमेरा विकायला काढला होता. तो आमच्याकडं चालणं शक्यच नव्हतं. आमच्या आधीच्या पिढीचा फोटो म्हणजे दोन्ही हात मांडीवर सरळ, मान ताठ, टोपी नीट, नजर समोर. आजोबांना ‘जरा हसा’ म्हटलं की ते विचारतात, “कशाला?” याचं उत्तर वीस वर्षांत मला सापडलेलं नाही. तो कॅमेरा आजोबांसमोर लावून ठेवला असता तर अजून वाट बघत उभा असता.

डिजिटल कॅमेऱ्याचं मूळ बघितलं तर सुरुवातही अशीच वाट बघण्यातून झाली. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर, आत सोळा बॅटऱ्या, फोटो काळापांढरा, आडवे शंभर आणि उभे शंभर ठिपके. तो एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे आणि बघायचा तर टीव्हीला यंत्र जोडायचं. कंपनीतल्या वरिष्ठांना प्रश्न पडला, की आपले फोटो टीव्हीवर बघावेत असं कुणाला कशाला वाटेल? बिचाऱ्यांनी आमच्याकडचं एखादं रिसेप्शन बघायला हवं होतं. स्टेजच्या मागं वीस फुटी एलईडी भिंत, तिच्यावर नवरानवरी, त्यांच्या पुढं खरी नवरानवरी, आणि पाहुणे खऱ्यांकडं पाठ करून भिंतीकडं बघत कुल्फी खातायत. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. मला वाईट वाटलं, कारण माझ्या वडलांच्या स्टुडिओत पिवळ्या डब्यांचा मनोरा होता आणि लहानपणी आमच्या घरात बटणं, सुया, लवंगा हे सगळं त्याच डब्यांतून राहायचं.

त्या एलईडी भिंतीनं मात्र आमचा जीव खाल्ला. ती डोळ्यांना दिसते अखंड, पण सेकंदाला कितीतरी वेळा उघडझाप करत असते. कॅमेरा चित्र वरपासून खाली एकेक ओळ वाचत जातो, तेवढ्यात भिंतीचा उजेड गेलेला असतो आणि आलेला असतो. फोटोत नवरीच्या मागं झेब्र्याचे पट्टे. ए-नाइन थ्री सगळं चित्र एकाच क्षणी वाचतो, त्यामुळं ओळीमागून ओळ वाचण्यातला हा गोंधळ त्यात होत नाही. उत्तम. आता फक्त त्याची किंमत अशी करा, की तो घेण्यासाठी मला स्वतःच्याच लग्नातलं सोनं मोडावं लागू नये.

आवाजाचं वेगळंच प्रकरण आहे. निकॉनने २०२१ च्या झेड-नाइनमधून यांत्रिक शटर काढूनच टाकलं. हलणारा भाग नाही, झिजणं नाही, खटका नाही. संपूर्ण शांतता. गोल्फच्या मैदानावर, नाटकाच्या प्रयोगाला, वाघापुढं याच्यासारखं सुख नाही. लग्नात मात्र ग्रुप फोटोला हाहाकार. ओळीत उभ्या असलेल्या बावीस माणसांनी पोट आत घेतलेलं असतं, श्वास धरलेला असतो, काकांनी चष्मा काढून हातात लपवलेला असतो. पूर्वी ‘खटॅक्’ झालं की सगळे एकदम सुटायचे. आता फोटो निघाला हे कळतच नाही. मी म्हणतो, झाला. ते म्हणतात, कुठं झाला, आवाज तर आला नाही. एकजण मला म्हणाला, “कॅमेरा बिघडलाय व्हय?” कंपनीला हे उमगलं असावं, कारण बटण दाबल्यावर स्पीकरमधून शटरचा आवाज काढायची सोय त्यांनी ठेवली आहे, तो लहानमोठाही करता येतो. आधी आवाज काढून टाकायला इतकी वर्षं संशोधन, मग तोच आवाज भोंग्यातून परत! पण तो आवाज डीजेच्या पुढं टिकत नाही. माझ्यासाठी त्यात लग्नातला सुतळी बॉम्ब बसवा. पोट सोडायला लोकांना ठाम सूचना लागते.

सेकंदाला १२० फोटोंवरही थोडं बोलायला हवं. वडलांच्या काळात एका रोलमध्ये ३६ फोटो. लग्नाला चार रोल ठरायचे, पाचवा भरायचा तर मुलीच्या बापाची परवानगी लागायची. ‘उगाच बटण दाबू नका’ हे वाक्य तेव्हा व्यवहारात होतं. आता बटणावर बोट दहा सेकंद विसरलं तर बाराशे फोटो होतात; वडलांचे तेहतीस रोल! नवरीनं एक घास भरवला, त्याचे बाराशे फोटो, आणि एकाहीमध्ये नवरदेवाचं तोंड बंद नाही. हे सगळं मी रात्री जागून निवडतो, हजारभर काढून त्यांना पाठवतो आणि सांगतो, यातले दोनशे अल्बमसाठी निवडा. इथं माझं काम संपतं आणि काळ सुरू होतो. नवरी म्हणते तो बघतो, नवरा म्हणतो ती बघते, दोघांच्या आया म्हणतात आम्हाला कुठं दाखवले. मग एक दिवस फोन येतो. मी आनंदानं उचलतो. “दादा, बारशाची ऑर्डर घेता का?” लग्नाचा अल्बम अजून निवडायचाच असतो. कंपन्यांनी फोटो वाढवायचं यंत्र खूप सुधारलं, आता नको म्हणणारं यंत्र करा. तिसऱ्यांदा तोच घास टिपायला गेलो की कॅमेऱ्यानं बटण आतून धरून ठेवावं आणि पडद्यावर वडलांच्या अक्षरात ‘उगाच दाबू नको’ असं यावं.

व्हिडिओच्या बाबतीत तर युरोपच्या करखात्यानं आमच्या मंगलाष्टकांत लक्ष घातलं होतं, हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. तिकडं अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग चित्रीकरण करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेऱ्याच्या वर्गात जायचं आणि त्यावर वेगळा कर लागायचा. म्हणून फोटोचे कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपले आपण बंद पडत. त्याआधी २००८ चा कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू तर बाराएक मिनिटांतच थांबायचा, कारण फाइल चार जीबीच्या पुढं जात नसे. आता कुणीतरी ब्रुसेल्सला कळवायला हवं होतं, की आमच्याकडं भटजींची मंगलाष्टकं झाल्यावर मुलीच्या मावशीची स्वरचित मंगलाष्टकं असतात. त्यांत दोन्ही घराण्यांतल्या सगळ्यांची नावं गुंफलेली असतात, आणि एखादं राहिलं तर जागेवर एक कडवं वाढवलं जातं. पंचविसाव्या मिनिटाला मावशी नव्या उमेदीनं सूर लावायच्या आणि मी घड्याळाकडं बघायचा. ही मर्यादा नव्या बऱ्याच कॅमेऱ्यांतून गेली आहे. मावशींसाठी चांगलं झालं. पाहुण्यांना ती मर्यादा तशीच राहायला हवी होती.

अंधारात मात्र मी कंपन्यांचा ऋणी आहे. २०१६ च्या निकॉन डी-फाइव्हमध्ये आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ताणून ३२ लाख ८० हजारांपर्यंत नेता येतो. ऐन हळदीत वीज जायची त्या भारनियमनाच्या वर्षांत हे असतं तर किती नवरदेव पिवळे न दिसता नुसते काळे दिसले ते वाचले असते. हळदीवरून आठवलं. व्यावसायिक कॅमेऱ्यांना धूळ आणि पाण्यापासून संरक्षण असतं, त्याचा दर्जा दोन आकड्यांनी सांगतात. ओएम सिस्टमच्या ओएम-वनला आयपी ५३ असा दर्जा आहे, त्यातला पाच धुळीचा आणि तीन पाण्याचा. तिसरा आकडा हळदीचा पाहिजे. हळद ही धूळही नाही आणि पाणीही नाही. ती तेलात कालवलेली असते, करवल्यांच्या हातात असते, आणि ‘फोटोवाल्या दादांना पण लावा गं’ अशी हाक आली की थेट लेन्सवर येते. माझ्या एका बॉडीच्या रबरी पकडीत तीन हंगामांची हळद आहे. सर्व्हिसला दिली तेव्हा तिथल्या मुलानं वास घेऊन बघितला.

एक सुधारणा अशी आहे, जी निघाली तेव्हाच मला धोक्याची वाटली. कॅमेऱ्यात डोळा लावून आपण जिकडं बघू तिकडं फोकस. कॅननने हे १९९२ मध्ये फिल्मच्या कॅमेऱ्यात आणलं, मधे सोडून दिलं आणि २०२१ मध्ये आर-थ्रीत परत आणलं. कल्पना म्हणून भारी. पण दुपारी पावणेदोनला, सकाळी सहाला एका चहावर निघालेल्या फोटोग्राफरची नजर कुठं असते? लाजाहोम चालू असतो, डोळा कॅमेऱ्याला असतो, आणि चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, दाराच्या फटीतून, पंगतीत जिलेबीचं ताट फिरत असतं. कॅमेरा आज्ञाधारक. नवरानवरी धूसर, जिलेबीचा पाक स्पष्ट. ‘फोटोवाले जेवले का?’ हा प्रश्न लग्नात शेवटी निघतो आणि तोवर मठ्ठ्यात पाणी पडलेलं असतं. म्हणून माझ्या कॅमेऱ्यात ही सोय नको. किंवा असली तर यजमानांच्या मोबाइलवर तिचा निरोप जाईल असं करा.

आणि आता खरेपणाची गोष्ट. लायकाने २०२३ च्या ऑक्टोबरात एम-इलेव्हन-पी नावाचा कॅमेरा आणला. तो काढतानाच प्रत्येक फोटोवर एक डिजिटल सही करतो: हा फोटो या कॅमेऱ्यानं, अमुक वेळी काढला. पुढं त्यात काय बदललं याचीही नोंद सोबत राहू शकते. बातमीदारांसाठी फार मोलाचं आहे, विशेषतः आता कुणीही बसल्या जागी कुणाचंही चित्र तयार करू शकतं तेव्हा. पण लग्नात सही करून खरं बोलणारा साक्षीदार कुणाला हवाय? इथं सूचना अशा येतात: रंग जरा उजळा. कंबर थोडी आत. मागचा बिसलेरीचा बॉक्स काढा. मागचा दीर काढा. नवरदेवाच्या उंचीचं काहीतरी बघा. मोबाइल उंचावून मध्ये आलेल्या काकांना पुसा. आणि पुसलं की आठवड्यानं काकांचाच फोन, सप्तपदीत मी कुठाय?

एक सूचना मात्र अशी आली, की तिच्यावर मला काही सुचलं नाही. मुलीचे वडील ती लहान असतानाच गेलेले. आईनं कन्यादानाचे फोटो बघितले, पाकिटातून एक पासपोर्ट आकाराचा फोटो काढला आणि म्हणाली, “ह्यांना तिच्या मागं हुबं करता येतंय का बघा.” एवढा एकच फोटो होता. कडा पिवळ्या पडलेल्या, कोपऱ्यात कुठल्याशा कार्यालयाचा अर्धा गोल शिक्का. मी तो मोठा केला, शिक्का पुसला, शर्टाचा खांदा नवीन काढला, उजेडाची बाजू जुळवली. सगळं जमलं, फक्त वडील जावयापेक्षा तरुण दिसत होते. मी आईला म्हटलं, केस थोडे पांढरे करतो, वयाला शोभेल. ती म्हणाली, “नको. लेक वळखनार न्हाई.” त्या फोटोवर कुठल्या कॅमेऱ्यानं काय सही करावी हे जपानी किंवा जर्मन इंजिनिअरांनी ठरवावं. माझ्या दुकानात तोच फोटो सर्वांत मोठ्या आकारात छापला गेला, आणि त्याचे पैसे मात्र त्या माउलीनं जागेवर दिले.

‘मात्र’ म्हणायचं कारण, बाकीचे देत नाहीत. माझ्या कपाटात तयार अल्बम आहेत, जाड पानांचे, मखमली पेटीतले, ज्यांची उरलेली रक्कम ‘ऊस गेला की’ येणार आहे. ऊस किती वेळा गेला याचा हिशेब साखर कारखाना ठेवतो, मी नाही. तेव्हा भविष्यातल्या कॅमेऱ्यात एवढी एक गोष्ट हवीच: बाकी थकली की अल्बममधल्या चेहऱ्यांवर हळूहळू अंतरपाट यावा. आधी दूरचे पाहुणे झाकावेत, मग मित्र, मग मामा. माजी सभापती झाकले गेले की त्याच संध्याकाळी पैसे येतील.

हे सगळं मी परवा एका वधूपित्यासमोर बोलत होतो. ते लेकीच्या लग्नाचा रेट ठरवायला आले होते. चहा झाला, नमुन्याचे अल्बम बघून झाले. मी मोठ्या हौसेनं नवी बॉडी काढून दाखवली. डोळा आपोआप धरते, चेहरा ओळखते, बटण दाबायच्या आधीचाही फोटो घेते, अंधारात चालते. त्यांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली, माझ्याकडं तोंड करून धरली. पडद्यावर माझ्या डोळ्याभोवती चौकोन आला. ते खूश झाले.

“म्हंजे समदं ह्योच करतो?”

“बरंचसं,” मी म्हटलं.

“मग तुमचा रेट गेल्या साली परास वाढला कसा?”

मी हसून म्हटलं, “असं करू या का, कॅमेरा एकटाच पाठवून देतो. मी घरी बसतो.”

त्यांनी बॉडी काळजीपूर्वक टेबलावर ठेवली, टोपी सारखी केली आणि खिशातून पेन काढलं.

“त्याचं किती कमी हुतील?”